निळ्या दाढीचा पक्षी आणि त्याचा डोंगर

‘आयबिस’ या पक्षिशास्त्राला वाहिलेल्या इंग्रजी त्रैमासिकांत इ. स. १८८० सालीं एका चिमुकल्या पक्ष्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. ऑस्बर्ट सॅल्व्हिन आणि फ्रेडरिक गॉडमन या दोन इंग्रज विद्वानांनीं तें लिहिलें होतें. पक्षी होता दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोंकावरील कोलंबिया देशांतला. विद्वानांच्या हातीं आलीं होतीं तीं त्याचीं वाळवून पाठविलेलीं कातडीं. यानंतरची ठळक तारीख १९४६ सालची. त्या सालीं या पक्ष्याचे कांहीं नमुने गोळा झाले आणि मग एकोणसत्तर वर्षें कोणाहि शास्त्रज्ञाच्या टिपणवहींत त्याचें नांव चढलें नाहीं. २०१५ सालच्या मार्च महिन्यांत तो पुन्हां दिसला. पक्ष्याचें चरित्र लिहूं जाणारा मनुष्य या तीन तारखा देऊन थांबेल, आणि त्यांत त्याचें कांहीं चुकलें असेंहि कोणी म्हणणार नाहीं. परंतु आम्हांला असें वाटतें कीं, या तिन्ही तारखांच्या मागें उभी असलेली १५२५ ही चौथी तारीख हिशेबांत धरल्यावांचून हें चरित्र समजत नाहीं. त्या वर्षीं त्या डोंगराच्या पायथ्याशीं, समुद्रकांठीं, स्पेनच्या लोकांनीं एक शहर वसविलें. त्या शहराचा आणि डोंगरमाथ्यावरच्या या पांखराचा संबंध काय, हें सांगण्यासाठींच हा लेख आहे.

प्रथम पक्ष्याची ओळख करून घेऊं. इंग्रजींत ज्यांना हमिंगबर्ड म्हणतात आणि मराठींत कोणी गुंजनपक्षी म्हणतात, त्या कुळांतला हा पक्षी. हें कूळ सर्वस्वीं अमेरिका खंडाचें आहे. आपल्या परसांतल्या जास्वंदीवर मध पितांना जो चकचकीत जांभळा शिंजीर दिसतो, त्याला पुष्कळ लोक हमिंगबर्ड समजतात. पण त्याचें कूळ निराळें. दोघांचा धंदा एक, म्हणून रूपांत थोडें साम्य आलें आहे, इतकेंच. गुंजनपक्ष्यांच्या साडेतीनशेंहून अधिक जाति आहेत. त्यांपैकीं कांहींचा प्रदेश हजारों कोसांचा, तर कांहींचा एखाद्याच डोंगराच्या माथ्यापुरता. आमचा पक्षी या दुसऱ्या प्रकारचा होय. त्याचें शास्त्रीय नांव ‘ऑक्सिपोगॉन सायॅनोलीमस’ असें आहे. टोंकदार दाढी आणि निळा गळा या दोन खुणा त्या नांवांतच आल्या आहेत. कोलंबियांत त्याच्या वंशाला ‘बार्बुदितो’, म्हणजे लहानगा दाढीवाला, असें लाडकें नांव आहे. नराच्या डोक्यावर पांढरा तुरा ताठ उभा असतो, चेहरा काळसर असतो आणि हनुवटीखालीं निळी दाढी लोंबत असते. मादीला तुराहि नाहीं आणि दाढीहि नाहीं. चोंचीपासून शेंपटीपर्यंत मोजला तर तो वीतभरहि भरणार नाहीं. या वंशाचे पक्षी आपल्या इतर भाईबंदांप्रमाणें फुलासमोर हवेंत तरंगत राहण्यापेक्षां फुलाला पायांनीं धरून बसणें पसंत करतात; थंड आणि विरळ हवेच्या प्रदेशांत ही काटकसर त्यांच्या उपयोगी पडते.

आतां डोंगराविषयीं. सिएरा नेव्हादा द सान्ता मार्ता, म्हणजे सान्ता मार्ताचा हिमपर्वत, हें त्याचें नांव. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम बाजूनें अँडीज पर्वताची जी लांबलचक रांग गेली आहे, तिच्यापासून हा पर्वत तुटून अलग, कॅरिबियन समुद्राच्या अगदीं कांठावर उभा आहे. समुद्रापासून अवघ्या चाळीस-बेचाळीस किलोमीटरांवर त्याचीं कोलोन आणि बोलिव्हार हीं दोन शिखरें सुमारें ५,७०० मीटर उंच चढलीं आहेत. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. तशा तीन कळसूबाई एकीवर एक रचल्या तरी या शिखरांची बरोबरी होणार नाहीं. खालीं उष्ण किनारा, त्यावर दाट ओलें अरण्य, त्यावर गवताळ थंड माळ आणि सर्वांत वर बर्फ, असे पृथ्वीवरचे बहुतेक सारे ऋतु या एकाच पर्वतावर एकावर एक मांडलेले आहेत. चहूं बाजूंनीं सखल उष्ण प्रदेश असल्यामुळें माथ्यावरच्या प्राण्यांना हा पर्वत म्हणजे समुद्रांतल्या बेटासारखाच झाला. त्यांना खालीं उतरून दुसऱ्या पर्वतावर जातां येत नाहीं. म्हणूनच ज्या जाति इतरत्र कोठेंहि नाहींत, अशा अनेक जाति तेथें निपजल्या. २०१३ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत जगांतील सुमारें १,७३,००० संरक्षित प्रदेशांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हां ज्याची भरपाई दुसऱ्या कशानेंहि होणार नाहीं अशा प्रदेशांत या पर्वतावरील राष्ट्रीय उद्यानाला पहिला क्रमांक मिळाला.

निळ्या दाढीचा पक्षी राहतो तो अरण्याच्या वर आणि बर्फाच्या खालीं असलेल्या गवताळ पट्ट्यांत. या पट्ट्याला तिकडे पारामो म्हणतात. तेथें दिवसां उन्हाचा ताप आणि रात्रीं गोठविणारा गारठा असतो. अशा ठिकाणीं उगवणारीं जीं झाडें आहेत त्यांना स्पॅनिश लोकांनीं ‘फ्रायलेहोन’, म्हणजे थोरला बैरागी, असें नांव दिलें. धुक्यांत दुरून पाहिलें असतां तीं कफनी पांघरलेल्या साधूंसारखीं दिसतात. त्यांचीं पानें लोंकरीसारख्या लवेनें मढलेलीं असतात. सान्ता मार्ताच्या पर्वतावर या झाडांची एक खास जात आहे, ती दुसरीकडे कोठेंहि नाहीं. तिच्या पिंवळ्या फुलांतला मध हा आमच्या पक्ष्याचा मोठा आधार. मधाच्या जोडीला तो किडेहि टिपतो. हें झाड फार सावकाश वाढतें. एकदां गेलें म्हणजे त्याच्या जागीं दुसरें उभें राहण्यास मनुष्याचें निम्में आयुष्य खर्ची पडावें, अशी त्याची गति आहे.

आतां १५२५ सालाकडे वळूं. त्या वर्षीं रोद्रिगो द बास्तिदास यानें सान्ता मार्ता हें शहर वसविलें. पुढें १५३६ सालीं हिमेनेस द केसादा याच शहरांतून निघाला आणि त्यानें आंतल्या पठारावरील मुइस्का लोकांचें राज्य जिंकलें. परंतु सान्ता मार्ताच्या पाठीशीं असलेला डोंगर मात्र तितक्या सहज हातीं आला नाहीं. त्याच्या उतारावर तायरोना नांवाचे लोक राहत. दगडी चौथरे, फरसबंदीच्या वाटा, पाण्याचे पाट आणि पायऱ्यापायऱ्यांचीं शेतें यांनीं त्यांनीं डोंगराचा उतार बांधून काढला होता. सोन्याच्या कामांत त्यांचा हात धरणारे थोडे होते. त्यांचें एक मोठें गांव अरण्यानें गिळून टाकलेलें होतें. तें १९७२ सालीं थडगीं उकरणाऱ्या चोरांना सांपडलें आणि १९७६ सालीं पुराणवस्तुशास्त्रज्ञ तेथें पोंचले. या तायरोनांचा आणि स्पॅनिश लोकांचा झगडा पाऊणशें वर्षें चालला. १५९९ सालीं त्यांनीं शेवटचा मोठा उठाव केला. तो मोडला गेला, त्यांचा नायक कुचासिके याला ठार मारण्यांत आलें आणि गांवें जाळण्यांत आलीं. जे वांचले ते वर सरकले. कोगी, अर्वाको, विवा आणि कान्क्वामो या आज त्या पर्वतावर राहणाऱ्या चार जमाती आपल्याला त्याच प्राचीन लोकांचे वारस समजतात.

‘वर सरकले’ हे दोन शब्द लिहिण्यास सोपे आहेत. परंतु पुढच्या चारशें वर्षांचा इतिहास या दोन शब्दांतच सांठविलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मधल्या उतारावर कॉफीचे मळे आले. पायथ्याच्या सपाटीवर युनायटेड फ्रूट या अमेरिकन कंपनीचे केळींचे मळे पसरले. त्याच मळ्यांतील संपकरी मजुरांवर १९२८ सालीं सिएनागा येथें सैन्यानें गोळीबार केला. १९४८ सालानंतर कोलंबियांत यादवी माजली, तेव्हां देशाच्या अंतर्भागांतून जीव घेऊन पळालेले शेतकरी या डोंगराच्या आश्रयास आले आणि त्यांनीं रान तोडून शेतें केलीं. १९७० नंतरच्या दशकांत गांजाच्या लागवडीला ऊत आला. मागाहून बंडखोरांच्या आणि त्यांच्या विरोधकांच्या सशस्त्र टोळ्यांनीं डोंगराचा ताबा घेतला. प्रत्येक लाटेबरोबर मूळच्या रहिवाशांची कांहीं जमीन गेली आणि ते आणखी वर गेले. वर शेत पिकत नाहीं. वर गवत पिकतें. गाय, मेंढी, घोडा हीं जनावरें त्या खंडावर स्पॅनिश लोकांबरोबरच आलेलीं. तीं या लोकांच्या संसारांत कधींच मिसळून गेलीं होतीं. जमीन कमी झाली तशी जनावरांवरची भिस्त वाढली, आणि पारामोच्या माळावर, फ्रायलेहोनांच्या मधून, गुरें चरूं लागलीं.

या काळांत आमच्या पक्ष्याकडे कोणाचें लक्ष होतें? होतें, पण तें ठेवणारे थोडे आणि दूरचे. फ्रेडरिक सायमन्स नांवाच्या इंग्रज प्रवाशानें १८८० च्या आगेंमागें या पर्वताचीं खोरीं धुंडाळलीं. लंडनच्या राजभूगोलसंस्थेच्या कार्यवृत्तांत त्याचा लेख १८८१ सालीं आला आहे. सॅल्व्हिन व गॉडमन यांच्या निबंधांना आधार होता तो त्यानेंच जमविलेल्या पक्ष्यांचा. पुढें मेलबर्न कॅरिकर हा अमेरिकन संग्राहक सान्ता मार्ता प्रांतांत मळा करून राहिला. त्यानें टॉड या विद्वानाच्या जोडीनें या प्रदेशांतील पक्ष्यांवर लिहिलेला मोठा ग्रंथ १९२२ सालीं प्रसिद्ध झाला. १९४६ सालच्या नोंदीहि कॅरिकरच्याच खटपटीच्या. त्यानंतर जो पडदा पडला त्याचीं कारणें दोन. एक उघड आहे: डोंगर दुर्गम, वाटेवर बंदुका, आणि माथ्यावरचे लोक परक्यांना आंत घेण्यास राजी नाहींत. परक्यांनीं चारशें वर्षें काय दिलें हें ठाऊक असल्यावर या नाराजीचें नवल वाटूं नये.

दुसरें कारण मात्र कागदावरचें आहे आणि आम्हांला तें अधिक शिकविणारें वाटतें. सॅल्व्हिन व गॉडमन यांनीं या पक्ष्याला स्वतंत्र जात मानलें होतें. विसाव्या शतकांतल्या याद्या करणाऱ्यांनीं दाढीवाल्या पक्ष्यांचे चारहि प्रकार एकाच जातींत घातले. त्या चार प्रकारांत हिरव्या दाढीचा पक्षी कोलंबियाच्या पूर्वेकडील पर्वतावर, पांढऱ्या दाढीचा व्हेनेझुएलांत, पिंगट दाढीचा रुईस या ज्वालामुखीच्या परिसरांत आणि निळ्या दाढीचा सान्ता मार्ताला. एकत्र केल्यावर हिशेब असा झाला कीं, ही जात दोन देशांत पसरली आहे, तेव्हां काळजीचें कारण नाहीं. निळ्या दाढीचा प्रकार नाहींसा झाला असता तरी यादींतली जात शिल्लकच राहिली असती. ज्याला स्वतंत्र नांव नाहीं त्याच्या मरणाची नोंदहि होत नाहीं, हा अनुभव माणसांच्या इतिहासांत आपल्याला परिचित आहे. पांखरांच्या इतिहासांतहि तोच आला. २०१३ सालीं नायजेल कॉलर आणि पॉल सालामान या दोघांनीं जुने नमुने तपासून हे चार प्रकार चार स्वतंत्र जाति होत असें प्रतिपादन केलें, आणि या निळ्या दाढीवाल्याला साठांहून अधिक वर्षांत कोणी पाहिलेलें नाहीं हें जगाच्या नजरेस आणलें. २०१४ सालीं संकटग्रस्त प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादींत त्याला निराळी जागा मिळाली. ती अगदीं शेवटच्या पायरीवरची, म्हणजे नामशेष होण्याच्या काठावर असलेल्या जातींमधली.

दुसऱ्याच वर्षीं तो सांपडला. ‘प्रोआवेस’ या कोलंबियांतील पक्षिसंरक्षक संस्थेचे कार्लोस हूलिओ रोहास आणि ख्रिस्तियन वास्केस हे दोघेजण पारामोवर लागणाऱ्या वणव्यांची पाहणी करण्यास वर चढले होते. त्यांच्यासमोरून एक लहानसा पक्षी उडून गेला आणि जवळच्या झुडपावर बसला. एकोणसत्तर वर्षांनंतर त्याचें पहिलें दर्शन झालें तें असें. त्यांनीं त्याचीं छायाचित्रें घेतलीं. जिवंत निळ्या दाढीवाल्याचीं हीं पहिलींच छायाचित्रें होत. याच पर्वताच्या अरण्यांत राहणारा, सॅल्व्हिन व गॉडमन यांनींच १८७९ सालीं वर्णिलेला आणि १९४६ नंतर असाच हरवलेला दुसरा एक गुंजनपक्षी आधीं २०१० सालीं एकदां दिसला व पुन्हां अदृश्य झाला. २०२२ सालीं तो एका स्थानिक पक्षिनिरीक्षकाच्या दृष्टीस पडला.

पक्ष्याचा शोध वणव्याच्या पाहणींत लागावा यांत केवळ योगायोग नाहीं. पक्ष्यावरचें संकट म्हणजे मुख्यतः हा वणवाच होय. कोरड्या ऋतूंत जुनें वाळलें गवत जाळलें म्हणजे त्याच्या मुळांतून कोंवळे कोंब फुटतात आणि गुरें तीं आवडीनें खातात. गवताला आग सोसते, कारण त्याचा जीव जमिनीखालीं असतो. फ्रायलेहोनाचा जीव जमिनीवर असतो. दरसाल आग लागली म्हणजे लहान रोपें मरतात, मोठीं झाडें विरळ होत जातात आणि अखेर नुसतें गवत उरतें. तेवढें मात्र पक्ष्याच्या कांहीं कामाचें नाहीं. शिवाय हवा ऊन होत चालली आहे. शिखरांवरचा बर्फ गेल्या दीडशें वर्षांत पुष्कळच आटला आहे. उष्णता वाढली म्हणजे खालचें अरण्य वर चढूं पाहतें आणि पारामोलाहि वर सरकावें लागतें. पण पर्वत वर निमुळता होत जातो. जितकें वर जावें तितकी जमीन कमी, आणि शिखराच्या वर तर जमीनच नाहीं.

येथें एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढें जाणें आम्हांला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. आग लावणारे हात बहुतांशीं त्या डोंगरावरच्या मूळ रहिवाशांचे आहेत. हेच लोक आपला पर्वत हें जगाचें हृदय आहे असें मानतात, त्यांचे पुरोहित, ज्यांना मामो म्हणतात, ते त्याच्या स्वास्थ्यासाठीं अनुष्ठानें करतात, आणि आपण थोरले बंधु असून बाकीचें जग हें धाकटें अवखळ भावंड आहे असें ते सांगतात. त्यांच्या या ज्ञानपरंपरेला युनेस्को संस्थेनें २०२२ सालीं मानवजातीच्या वारशाच्या यादींत स्थान दिलें. मग हे थोरले बंधूच आपला डोंगर जाळतात हें कसें? कांहीं पक्षिमित्र या प्रश्नावर संतापतात, आणि या लोकांचा निसर्गप्रेमी म्हणून जो बोलबाला झाला आहे तो खोटा ठरवूं पाहतात. उलट कांहीं जण त्या लोकांच्या कौतुकाच्या भरांत आगीचा उल्लेखच करीत नाहींत. आमच्या मतें दोघेहि इतिहास विसरतात. आग खरी आहे आणि तिनें पक्ष्याचा अन्नठाव जळत आहे, यांत शंका नाहीं. परंतु पायऱ्यापायऱ्यांचीं शेतें करून निम्म्या डोंगरावर सुखानें नांदणारे लोक गोठलेल्या माळावर गुरें घेऊन कां आले, हा प्रश्न आधींचा आहे. आणि त्याचें उत्तर १५२५ पासूनच्या हकीकतींत आहे. ज्यांना चारशें वर्षें वर ढकलीत नेलें, त्यांनाच वर कां आलांत म्हणून विचारणें हा न्याय नव्हे.

आपल्याकडची एक गोष्ट येथें आठवते. वनपिंगळा नांवाचें लहानसें घुबड ह्यूम साहेबांनीं १८७३ सालीं वर्णिलें. १८८४ सालीं मिळालेल्या नमुन्यानंतर त्याचा पत्ता लागेना, म्हणून तें नष्ट झालें असें बहुतेकांनीं धरलें होतें. ११३ वर्षांनीं, १९९७ सालच्या नोव्हेंबरांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं शहाद्याजवळ तें पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना दिसलें. पुढें मेळघाटांत आणि ठाणें जिल्ह्यांतील तानसाच्या रानांतहि तें आढळलें. तें इतकीं वर्षें तेथेंच होतें आणि त्या रानांत राहणारे लोकहि तेथेंच होते. हरवलें होतें तें विद्वानांचें आणि त्या रानाचें नातें. सान्ता मार्ताच्या पक्ष्याचीहि हीच कथा आहे.

म्हणून या पक्ष्याच्या रक्षणाचा उपाय नुसता पहारे बसविण्याचा नव्हे. पर्वतावर राष्ट्रीय उद्यान १९६४ सालीं झालें आणि १९७९ सालीं युनेस्कोनें त्याला आपल्या राखीव जीवप्रदेशांत गणलें. तरीहि आगी लागतच राहिल्या. पारामोचा पुष्कळसा भाग उद्यानाच्या हद्दींत येतो तसा तो मूळ रहिवाशांच्या राखीव जमिनींतहि येतो. त्यांच्या संमतीवांचून तेथें कोणालाहि कांहीं करतां येणार नाहीं, आणि येऊंहि नये. खालच्या उतारावरची त्यांची गेलेली जमीन त्यांना परत मिळाली, तर वरच्या माळावरचीं गुरें खालीं उतरूं शकतील. फ्रायलेहोनांच्या उरलेल्या राया कोठें आहेत हें मामो मंडळींशीं बसून ठरविलें, तर तेवढा भाग आगीपासून वगळतां येईल. हा मार्ग लांबचा आहे आणि पक्ष्यापाशीं वेळ थोडा आहे, हेंहि आम्ही जाणतों. परंतु ज्या मार्गानें संकट आलें त्या मार्गानें मागें फिरल्याखेरीज तें टळणार नाहीं.

डोंगरावरच्या माणसांना आणि पांखरांना एकाच इतिहासानें वर नेलें आहे. माणसांना खालीं येण्यासाठीं जमीन देतां येईल, कारण ती माणसांनींच घेतली आहे. पक्ष्याला मात्र खालीं येतां येत नाहीं. त्याचा मुलूख तेवढाच. आणि पुढच्या कोरड्या ऋतूंत त्या मुलखांत किती आगी लागतात, यावर त्याच्या चरित्रांतली पांचवी तारीख कोणती लिहावी लागेल हें अवलंबून आहे.